दिवेआगरात आमची बॅटरी कोण पीत होतं

दिवेआगर सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतकी चिडलेली सापडेन की ते सांगायचं राहून जाईल. ज्यांनी कुलाबा जिल्ह्याचा हा किनारा पाहिला नाही त्यांनी जरूर जावं. माडा-पोफळींच्या वाड्या थेट वाळूपर्यंत उतरल्या आहेत, पहाटेपासून रहाट कुरकुरत असतात आणि माणसं दोन शब्दांत आपलीशी करतात. फक्त आमच्यासारखं जाऊ नये, म्हणजे घर मागे बांधून जाऊ नये.

घर मागे बांधून म्हणजे खरोखरच घर. आमचे हे ठाण्याला एका गिरणीत विजेच्या खात्यात फोरमन आहेत. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात चाकांवरच्या घराचं चित्र पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करी सामानाचे लिलाव झाले होते, त्यातली दोन चाकांची एक जुनी गाडी त्यांनी कुठूनतरी पैदा केली. तिच्यावर प्लायवुडची खोली चढवली. आत दोन बाकं, स्टोव्हची जागा, कपाटं, एक इवलासा पंखा, दोन दिवे, आणि लष्करातलाच एक रेडिओ. हे सगळं चालवायला बाकाखाली एक बॅटरी, मोटारीत असते तशी. आठ महिने एकाही रविवारी मला नवरा दिसला नाही, नुसता चाकांखालून बाहेर आलेला पायजमा दिसायचा.

डिसेंबरात रजा मिळाली तेव्हा मी सांगितलं, या आठवड्यात नको. त्या शनिवारी संध्याकाळी पावणेआठला माझी धाकटी बहीण कुसुम मुंबई रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती. आई गेली तेव्हा कुसुम पाच वर्षांची होती, मी पंधराची. तिची वेणी मी घातली, तिला तंबोऱ्यापाशी मी बसवलं, आणि माझं लग्न ठरल्यावर माझं गाणं सुटलं तेव्हा तिचं सुटू दिलं नाही. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. एकदा हवेत गेला की गेला, मागून कितीही पैसे टाका, ऐकायला मिळायचा नाही. ती एवढंच म्हणाली होती, "ताई, तू ऐकते आहेस असं धरून मी गाणार."

"अगं, रेडिओ आहे की आपल्या गाडीत," हे म्हणाले. "समुद्रावर बसून ऐक. मी शब्द देतो."

मी त्या शब्दावर निघाले. दोन्ही मुलं माहेरी कुसुमपाशी ठेवली.

रविवार, दिवेआगर

यांचा मावसभाऊ नाना म्हसळ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर असतो. त्याच्या जीपला आमचं घर जोडलं. घाटात आमच्या घराने दोनदा दरीकडे पाहिलं, स्टोव्हची बाटली फुटली, आणि माझ्या सगळ्या डाळी एकमेकींत मिसळल्या. नानाने आम्हाला दिवेआगरच्या एका वाडीत सोडलं आणि पुढच्या रविवारी न्यायला येतो म्हणून जीप घेऊन तो निघून गेला. म्हणजे आठवडाभर आम्ही जिथे उभे केले तिथेच उभे.

वाडी यांच्या एका साहेबांच्या नात्यातली. मालक मुंबईत, त्यांच्या घराला कुलूप. वाडी राखतात धर्मा आणि त्याची बायको येसूबाई. धर्माने आमच्या घराला एक फेरी मारली, चाकं दाबून पाहिली.

"वहिनी, ह्याच्यात निजायचं व्हय?" त्याने विचारलं.

"निजायचं, रांधायचं, सगळं."

"आन ह्ये वढायला बैल न्हायत?"

"बैल आठवड्याने येणार आहेत," मी म्हटलं. यांना ते आवडलं नाही.

येसूबाईने घावनं आणि ओल्या नारळाची चटणी पाठवली. आमच्याकडे घावन करायचं म्हणजे तवा रुसणार, पीठ रुसणार. तिने चुलीवर पाठीला पाठ लावून तीस घातली आणि एकही तुटलं नाही. संध्याकाळी यांनी माडाला एरियलची तार बांधली, रेडिओ लावला, तो खणखणीत वाजला. धर्मा-येसूबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होती. हे माझ्याकडे असं बघत होते की रेडिओ यांनीच शोधून काढला असावा.

सोमवार

सकाळी केस विंचरायला बसले. येसूबाई शेजारीच होती. तिने आपली खोबरेलाची बाटली आणली, तेल थिजून पांढरं दगड. इकडे थंडी बोचरी असते. माझी बाटली मी आत फळीवर ठेवली होती, ती काढली तर तेल पाण्यासारखं पातळ.

"बाय, तुझ्या घरात ऊब हाय," येसूबाई म्हणाली. मला बरं वाटलं. यांनी प्लायवुड चांगलं जाड लावलं आहे असं मी मनात म्हटलंसुद्धा. यांचं मी मनात केलेलं ते आठवड्यातलं शेवटचं कौतुक.

दिवस मजेत गेला. धर्माने रहाट दाखवला. रेडा गोल फिरतो, गाडग्यांच्या माळेतून पाणी वर येतं आणि पन्हळीने झाडाझाडाच्या मुळाशी जातं. अंगणात सुपारी वाळत होती, पिवळ्या-केशरी रंगाचा नुसता सडा. संध्याकाळी रेडिओ लावला तर घशात काही अडकल्यासारखा बोलायला लागला. दिवा लाल पडला. हे म्हणाले, बॅटरी जुनी आहे, थोडी थकली असेल. मी विचारलं, एका दिवसात थकते का. ते म्हणाले, तुला त्यातलं काय कळतं. हे वाक्य त्या आठवड्यात मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण विसरलेलीही नाही.

मंगळवार आणि बुधवार, श्रीवर्धन

मंगळवारी सकाळी बॅटरी ठार मेलेली. पंखा हलेना, दिवा लागेना. माझं खोबरेलही त्या दिवशी थिजलेलं होतं, मी चमच्याने खरवडून काढलं आणि रागाच्या भरात त्याकडे लक्ष दिलं नाही.

"सगळ्या तारा एकदा तपासून बघा ना," मी म्हटलं. "कुठेतरी वीज मुरत असेल."

"तारा मी स्वतः ओढल्यात," हे म्हणाले. "तारांत काही नाही."

गिरणीत कुठे वीज मुरत असली तर तासाभरात शोधून काढणारा हा माणूस. स्वतःच्या खोलीएवढ्या डब्यात वाकून बघायला तयार नाही. पण घाई अशी की चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, कुसुमच्या कार्यक्रमासाठी जीव टाकतायत. मी मनातल्या मनात विरघळलेसुद्धा.

धर्माच्या बैलगाडीतून बोर्लीपर्यंत, तिथून मोटारीने श्रीवर्धन. बॅटरी माझ्या पायाशी. तिच्यातलं आम्ल सांडलं आणि माझ्या चांगल्या लुगड्याला काठाशी भोकं पडली. श्रीवर्धनला अजून वीज नाही. उस्मानभाई नावाचे एक मिस्त्री भाताच्या गिरणीला लागून बसतात, गिरणीचं इंजिन चालू असलं की त्याच पट्ट्यावर आपलं यंत्र फिरवून बॅटऱ्या भरून देतात. पन्नाशीचे, बारीक चणीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. बॅटरी हातात घेऊन त्यांनी ती मुलाला ताप आहे का बघावं तशी चाचपली.

"उद्या दुपारी न्या, साहेब. पुरी भरून देतो."

मग श्रीवर्धन पाहणं आलंच. गाव लांबच लांब, दोन्ही बाजूंना पोफळींच्या वाड्या, रस्त्यावर भर दुपारी सावली. इथल्या रोठा सुपारीचं नाव मोठं. एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण मिळालं. ठाण्याला आम्ही वाटणात नारळ घालतो, इथे नारळात बाकीचं घालतात. हे दोन घास खाऊन उठले. समुद्रावर गेलो तर यांची नजर घड्याळावर. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी घेतली आणि संध्याकाळी दिवेआगरला येऊन जोडली. जोडल्याबरोबर यांनी मोठा श्वास सोडला आणि मला म्हणाले, जरा बाहेर जाऊन बस, मी आवराआवर करतो. मी गेले. बारा वर्षांत या माणसाने कधी आवराआवर केली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गुरुवार

गुरुवार चांगला गेला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी तेल पातळ होतं, केस लवकर झाले. आम्ही किनाऱ्याने लांबवर चालत गेलो. कोळणी वाळूत बोंबील वाळत घालत होत्या, एकीने मला विचारलं की डब्यात राहणारी बाई ती तूच का. संध्याकाळी रेडिओ नीट वाजला. यांनी ठरवलं की शुक्रवारी हरिहरेश्वर करून यायचं.

शुक्रवार, पुन्हा श्रीवर्धन

हरिहरेश्वर राहिलं ते राहिलंच. शुक्रवारी सकाळी बॅटरी पुन्हा मेलेली. कार्यक्रम उद्यावर आलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुमचा शब्द म्हणजे हीच बॅटरी, संध्याकाळी भरलेला असतो आणि सकाळी बघावं तर रिकामा. हे बॅटरीच्या तारा सोडवत राहिले. त्यांनी सगळा राग उस्मानभाईंसाठी राखून ठेवला होता.

गिरणीपाशी चार माणसं उभी होती. त्या चारचौघांत हे उस्मानभाईंना म्हणाले, "अर्धी भरून पुरी भरली म्हणून सांगता. परगावची माणसं, परत येणार नाहीत असं वाटलं का?"

उस्मानभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"साहेब, बावीस वर्षं मी इथं बसतोय. होडीवाले, मोटारवाले, डाक्टर, समदे माझ्याकडं येतात. माझ्यावर ही तोहमत कुणी घेतली नव्हती."

"मग बॅटरी गेली कुठे?"

"ते तुमच्या घरात बघायला लागेल. गळकी घागर आणून पाणी कमी घातलं म्हणताय तुम्ही. ठेवून जा हितं. उद्या सकाळच्या मोटारीनं मी सोता घेऊन येतो. पैसे नकोत. पण माझ्यासमोर जोडायची."

हे नको म्हणाले. तुम्ही कशाला त्रास घेता, मी घेऊन जाईन, वगैरे. मी मध्ये पडले. "उस्मानभाई, तुम्ही याच," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी पावणेआठला माझी बहीण रेडिओवर गाणार आहे. मला ते ऐकायचंय, मग कुणाचं नाक कापलं गेलं तरी चालेल."

परतीच्या वाटेवर आम्ही एक शब्द बोललो नाही. बैलगाडीत न बोलता बसणं फार अवघड असतं, खड्डा आला की एकमेकांवर आदळायला होतं.

शनिवार

उस्मानभाई बारा वाजता आले, बॅटरी मांडीवर घेऊन. येसूबाईने त्यांना शहाळं दिलं. ते पिऊन त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं, "भाभी, खरं सांगतो. काल जुम्मा. गिरणी दुपारनंतर बंद. आज सकाळी दोन तास मिळाले. निम्मीच भरलीय. आणि दोनदा तळापर्यंत सुकल्यानं तिच्यात आता दमही न्हाय."

मग ते कामाला लागले. मला म्हणाले, सगळं बंद करा. मी दोन्ही दिवे, पंखा, रेडिओ बंद केले. त्यांनी बॅटरीची एक तार जोडली, दुसरी हातात धरून नुसती टेकवली. टिक करून ठिणगी उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा ठिणगी.

"बघा साहेब. घर झोपलंय म्हणता. पण आत कोणीतरी जागं हाय."

हे खिडकीतून समुद्राकडे पाहत होते. खरं म्हणजे समुद्र त्या खिडकीतून दिसत नाही.

उस्मानभाईंनी बोर्डावरचे तिन्ही फ्यूज एकेक करून काढले. दिव्यांचा काढला, ठिणगी आहेच. पंख्याचा काढला, आहेच. रेडिओचा काढला, तरी आहेच. मग ते बाकाखाली आडवे झाले आणि म्हणाले, इथं एक चौथी तार हाय. फ्यूजाच्या आधीच तिचा फाटा फुटलाय आणि जमिनीच्या फळ्यांखाली गेलीय. कुठं निघते ते दिसत न्हाय.

"फळ्या उचलायला चाळीस स्क्रू आहेत," हे म्हणाले. "दिवस जाईल त्यात. राहू दे. रेडिओपुरती चालेल बॅटरी."

"तुम्हाला स्क्रू किती ते माहीत आहे, आणि तार कुठे जाते ते माहीत नाही?" मी विचारलं.

त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली आणि चटकन परत आली. आणि तिथे मला ती खोबरेलाची बाटली दिसली. फळीवर, माझ्या डोळ्यांसमोर. सोमवारी पातळ. मंगळवारी बॅटरी मेली तेव्हा थिजलेली. गुरुवारी पातळ. काल बॅटरी मेली, पुन्हा थिजलेली. थंडी रोज तेवढीच. म्हणजे बॅटरी जिवंत असली की माझं तेल वितळत होतं. त्या फळीच्या खाली एक लहान कपाट होतं. निघताना यांनी सांगितलं होतं, त्यात हत्यारं आहेत, धार आहे, तू हात घालू नकोस. किल्ली यांच्या जुडग्यात.

हत्यारं तर रोज बाकाखालच्या पिशवीतून निघत होती.

"उस्मानभाई, ती तार पाच मिनिटं जोडूनच ठेवा," मी म्हटलं. पाच मिनिटांनी कपाटाच्या दारावर हात ठेवला. कोमट लागलं. मी हात यांच्यापुढे केला. "किल्ली."

"अगं, ऐक तर..."

"किल्ली."

त्यांनी दिली. मी कपाट उघडलं.

आत मोटारीच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब जळत होता, पिवळा रंग लावलेला. त्याच्यापुढे सासूबाईंचा देवीचा चांदीचा टाक. टाकाखाली माझा हिरवा खण.

हे काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी का भडकले ते कळायचं नाही. आमच्या घरी देवीपुढे नंदादीप होता, अखंड तेवणारा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्याचं तेल माझ्याकडे. अकरा वर्षं. बाळंतपणं, तापाची आजारपणं, सगळ्यांतून उठून मी त्यात तेल घातलं. हे मला हसायचे. वीज आली तरी तुमच्या देवीला अजून घासलेटच्या जमान्यात ठेवलंय, म्हणायचे. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी सांगितलं, आता हे थोतांड पुरे, टाक साताऱ्याला थोरल्या वहिनींकडे जाऊ दे. मी विचारलं, दिव्याचं काय. म्हणाले, दिवा शांत कर. मी केला. माझ्या हाताने केला, टाक माझ्या लग्नातल्या खणात गुंडाळून यांच्या हातात दिला, आणि कितीतरी दिवस पहाटे उठून सवयीने तेलाच्या बुधल्याकडे जाऊन परत येत राहिले.

आणि टाक इथे. खण इथे. दिवा इथे.

"साताऱ्याला नेलाच नाही?" मी विचारलं.

"नाही." ते बाकावर बसले. "शेवटी शेवटी आई मला म्हणाली होती, दिवा विझू देऊ नकोस. तुझ्यासमोर कसं सांगू, आयुष्यभर थट्टा केली. गिरणीत माझ्या खोलीत ठेवला होता, तिथे वीज चोवीस तास. रजेवर निघालो तर तिथे कुणावर सोपवणार? म्हणून इथे बसवला. बटण मुद्दाम ठेवलं नाही. इतका पिईल असं वाटलं नव्हतं."

"आणि मंगळवारी तो विझला म्हणून तुम्ही चहा न घेता श्रीवर्धनला धावलात."

"हो."

"मला वाटलं कुसुमसाठी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मला सांगा, मी कुणावर चिडू? देवीवर, की गेलेल्या सासूबाईंवर? अकरा वर्षं माझी थट्टा, एक वर्ष माझं रिकामं देवघर, आणि दिवा हा माणूस एकटाच जपत बसलाय, मला चोरून. दुःख त्यांनी वाटून घेतलं नाही ते नाहीच, वर माझ्या वाट्याचं जे होतं तेसुद्धा कुलुपात ठेवलं. मी हे सगळं बोलले. मोठ्याने बोलले. धर्मा रहाट थांबवून बघायला लागला.

"आणि आधी उस्मानभाईंची माफी मागा," मी म्हटलं. "चारचौघांत बोललात, आता निदान आमच्या देखत तरी मागा."

हे उठले. हात जोडले. "उस्मानभाई, चूक माझी होती. आणि ती मला माहीत होती. मी तुमच्यावर ढकलली."

उस्मानभाईंनी चष्मा पुसला. "काल वाईट वाटलं, साहेब. आज आईचं नाव निघालं, आता काय बोलू. पण एक सांगतो. दिवा आणि रेडिओ दोन्ही हिला झेपायचे न्हायत. संध्याकाळपर्यंत दिवा चालला तर गाण्याचा भरवसा मी देत न्हाय."

सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांनी पक्कड घेतली, तारेपाशी नेली, आणि खाली ठेवली. "दोनदा आपोआप विझला," ते म्हणाले. "माझ्या हाताने नाही होत."

माझ्या मनात आलं, माझ्या हाताने बरा करवून घेतलात. पण यांचा चेहरा असा झाला होता की ते मी नंतरसाठी ठेवून दिलं. नंतर बोललेच.

येसूबाई इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली, टाकाला हात जोडले, बल्बकडे वाकून पाहिलं.

"बाय, ह्या दिव्यावर वात पेटंल?"

"नाही गं. काचेत आहे तो."

"मंग ह्यो कसला दिवा. एका दिव्यावर दुसरा लावाया येत न्हाय." ती गेली आणि चुलीतून पेटवून पणती घेऊन आली, पदराआड धरून. तेल तिच्याच वाडीच्या खोबऱ्याचं. "ही ठेव आन त्यो काढ. देवीपुढं उजेड हाय, झालं. आमच्याकडं नवी वात धरली की जुनी काढायची, तिला कोण इझवणं म्हणत न्हाय."

पणती टाकापुढे ठेवली. मग यांनी तार काढली. बल्ब गेला, पणती राहिली. प्लायवुड पेटेल म्हणून मी ती कपाटातून काढून बाहेर माडाच्या बुंध्याशी पाट मांडून त्यावर ठेवली, टाकासकट. समोर धर्मा गोणपाट धरून वारा अडवत बसला.

पावणेआठला रेडिओ लावला. आधी खरखर, मग निवेदिकेने कुसुमचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आमच्या वडिलांच्या नावासकट. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. मला कळलं, कारण ती लहानपणी नेमकी तिथेच श्वास घ्यायला विसरायची. दुसऱ्या ओळीला ती सावरली आणि मग गातच राहिली, स्वच्छ, न घाबरता, ज्या जागा मी तिला दाखवल्या होत्या त्या घेत आणि दोन जागा तिच्या स्वतःच्या. त्या दोन मला कधी सुचल्या नसत्या. मी बाकाची कड धरून बसले होते. येसूबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. उस्मानभाई डोळे मिटून मान हलवत होते. हे बाहेर पायरीवर पणतीकडे तोंड करून बसले होते.

दुसरं गाणं संपलं, बातम्या लागल्या, आणि त्याबरोबर रेडिओ बारीक होत होत गप्प झाला. बॅटरी संपली होती. तिचं काम झालं होतं.

परतल्यावर

रविवारी नाना आला. रात्री धर्माकडे राहिलेल्या उस्मानभाईंना आम्ही बोर्लीपर्यंत सोडलं. येसूबाईने दिव्यासाठी खोबरेलाची बाटली भरून दिली.

ठाण्याला आल्यावर टाक देवघरात गेला आणि दिवा लागला, तेलाचा. मी यांना सांगितलं, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं होतं ना, मग तेल तुम्ही घालायचं. रोज. मी हात लावणार नाही.

ते घालतात. सकाळच्या पाळीला निघण्याआधी, अंधारातच. पौषात तेल थिजलं. ते बाटली दोन्ही तळव्यांत धरून देवघरापुढे बसून राहिले, वितळेपर्यंत, पाळीला उशीर होत असताना. पाठीमागे माझी चूल पेटलेली होती. तिच्याशेजारी बाटली ठेवली की एका मिनिटाचं काम. मी चहा ढवळत त्यांच्याकडे बघत राहिले. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं नाही.